झेंड्याखालची नाली

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६३ वर्षांचा, आयुध निर्माणीतून निवृत्त. मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये १९९४ साली प्लॉट घेतला आणि हळूहळू घर बांधलं. आमच्या मैदानातला १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचा झेंडा गेली १९ वर्षं मीच लावत आलो. खादीचा झेंडा आणणं, त्याला इस्त्री, फुलं भरून गाठ मारणं, पोरांना बुंदी वाटणं, सगळं स्वतःच्या हातानं.

मुलगा २९ वर्षांचा, मिहानमध्ये कंपनीत आहे. एप्रिलमध्ये त्यानं मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार टाकली, की आमच्या लेनमधल्या ११ घरांनी नालीवर स्लॅब टाकून ओटे बांधले आणि पाणी अडवलं. सोबत फोटो. पहिला फोटो आमच्याच घराचा! मला एका शब्दानं सांगितलं नाही. जूनमध्ये जेसीबी आला. आधी आमचा ओटा फुटला, मग बाकीचे दहा. मलबा अजून तिथेच पडून आहे. चौथ्या घरच्या आजी वॉकरवर चालतात, त्या तेव्हापासून बाहेर पडल्या नाहीत. लेनवाले पोराला घरभेदी म्हणतात. यंदा १५ ऑगस्टला कमिटीनं झेंडा दुसऱ्याच्या हातानं लावला. मी तिसऱ्या रांगेत उभा होतो.

अन् पोरगा घरी झोपला होता. लोकसभेला मतदानही केलं नाही, जोडून सुट्टी आली म्हणून मित्रांसोबत पचमढीला गेला. बोललो तर म्हणतो, "बाबा, तुम्ही वर झेंडा लावून राहिले अन् खाली नाली बुजवून राहिले." आयुष्यभर देशासाठी राबलो, कधी कोणाची तक्रार केली नाही. पोरात देशप्रेम काहून उतरलं नाही? त्याला लेनवाल्यांची माफी मागायला लावू का?

– एक वडील, नागपूर

*

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात मी दोन ठिकाणी अडखळले. एक, "तिसऱ्या रांगेत उभा होतो". १९ वर्षं ज्या हातांनी दोरी ओढली त्यांना त्या दिवशी काय करावं ते सुचलं नसेल. त्याची टोचणी खरी आहे आणि तिला मी हसणार नाही. फुलं भरून अशी गाठ मारणं, की एका हिसक्यात सुटावी पण वाऱ्यानं सुटू नये, हे काम किती जणांना जमतं? शाळेत आमचे शिपाईमामा ती गाठ मारायचे. ते निवृत्त झाले त्या वर्षी झेंडा अर्धा उघडून लटकला आणि मुख्याध्यापक खाली उभे राहून दोरीशी झटापट करत होते. असो.

दुसरं अडखळणं चौथ्या घरच्या आजींपाशी. तिकडे नंतर येते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर लहान आहे. माफी मागायला लावू नका. नाली लेनची आहे, ओटे घरांचे होते. पोरानं लेनची चीज लेनला परत मिळवून दिली. ज्या रीतीनं दिली त्यावर माझं भांडण आहे, पण ते लेनवाल्यांचं भांडण नाही.

आता देशप्रेमाचं. तुम्ही नागपूरकर आहात, झेंड्याचे माणूस आहात, म्हणून एक आठवण करून देते. १ मे १९२३ ला आपल्याच शहरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. इंग्रज सरकारनं सिव्हिल लाइन्सकडे झेंडा घेऊन जायला मनाई केली होती. रोज तुकड्या निघायच्या, अडवल्या जायच्या, पोरं तुरुंगात जायची. वर्ध्याचे जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. देशभरातून माणसं येत राहिली, दीड हजारांवर तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्टला त्याच मनाईच्या भागातून झेंड्याची मिरवणूक गेली आणि सत्याग्रह थांबला.

नागरिकशास्त्र शिकवताना मी पोरांना विचारायची, भांडण नेमकं कशाचं होतं? पोरं म्हणायची, झेंड्याचं. झेंडा काही त्यांनी घरात लपवलेला नव्हता. शहराच्या दुसऱ्या भागात तो फिरत होताच. भांडण होतं रस्त्याचं. साहेबांच्या बंगल्यांपुढून जाणारा रस्ता सरकारचा, तिथे तुमचा झेंडा चालणार नाही, असं सरकार म्हणत होतं. आणि नागपूरचं माणूस म्हणत होतं, रस्ता आमचा आहे, आम्ही त्यावरून आमचा झेंडा घेऊन जाऊ.

शंभर वर्षांत ते वाक्य उलटं कधी झालं, कळलं नाही मला. आता रस्ता खरोखर आपला आहे आणि आपण म्हणतो, "तो सरकारचा आहे." नाली सरकारची, लाइटचा खांब सरकारचा, बगिच्यातला झोपाळा सरकारचा. सरकारचा म्हणजे कुणाचाच नाही, आणि कुणाचाच नाही म्हणजे थोडासा आपण घ्यायला हरकत नाही. एक फूट ओटा, दोन फूट पार्किंग, गाडी चढवायला थोडा उतार. पानठेल्यावर उभं राहून तंबाखूचा खर्रा घोटत आपण देशाच्या सीमेचा एकेक इंच मोजतो. पिंक टाकताना मात्र जी भिंत समोर येईल ती.

हे मी तुम्हाला वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. घरासमोरच्या फुटपाथवर मी कुंड्यांची रांग लावली होती. जास्वंद, कण्हेर, एक सोनचाफा, आठ-दहा वर्षांची मेहनत. येणारे-जाणारे म्हणायचे, बाईंनी किती सुंदर ठेवलंय. एका दुपारी माझीच एक विद्यार्थिनी, सातवीतली, त्या कुंड्यांमुळे रस्त्यावर उतरून चालत होती आणि मागून ऑटो जोरात हॉर्न मारत आला. तिनं मला फाटकात पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, फुटपाथ कोणाचा असते?" आदल्याच आठवड्यात सार्वजनिक मालमत्तेचा धडा झाला होता. मला कुंड्या हलवायला आठ दिवस लागले, आणि त्या मी रात्री हलवल्या. दिवसा हलवल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं ना, काहून हलवून राहिल्या बाई!

म्हणून सांगते, तुमच्या पोरानं पहिला फोटो स्वतःच्या घराचा टाकला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत, पिवळी मारबत, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे ज्याच्यावर राग त्याचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, कुठल्या कुठल्या पुढाऱ्याचा बडग्या. "घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर ओरडतं. या गावानं सव्वाशेहून अधिक वर्षं गल्लीत उभं राहून सत्तेला नावं ठेवली आहेत आणि ते सण म्हणून केलंय. तेव्हा तक्रार करणाऱ्याला देशप्रेम नाही, हे निदान नागपूरकरानं म्हणू नये. पण इतक्या वर्षांत स्वतःच्या ओट्याचा बडग्या काढलेला मी कुणी पाहिला नव्हता. तुमच्या घरात तो निघाला.

तुम्ही लिहिता, "कधी कोणाची तक्रार केली नाही," आणि ते अभिमानानं लिहिता. भाऊ, कारखान्यात एखादा नग सदोष निघाला तर तपासणीवाला तो बाजूला काढायचा की नाही? तो काय कारखान्याचा वैरी होता? तुम्ही आयुष्यभर ज्या कामात होतात तिथे चूक दाखवणारा माणूस पगार देऊन ठेवलेला असतो, कारण चुकीचा माल पुढे गेला तर सीमेवरचा पोरगा मरतो. लेआउटमध्ये येताच तोच माणूस घरभेदी कसा होतो?

आणि नाली ही लहान गोष्ट नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्ही विसरला नसाल. काही तासांत शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, मोरभवनचं बसस्थानक, सगळं पाण्यात. माझी नणंद तळमजल्यावर राहते. अंधारात पाय खाली टाकला तर पाणी पलंगाच्या पट्टीला लागलेलं. फ्रिज तरंगत स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला होता, म्हणून तिला मागच्या दारानं निघता येईना. पाऊस तर होताच. पण पाणी उतरल्यावर सगळे बोलत होते ते नदीच्या अरुंद झालेल्या पात्राबद्दल आणि पाण्याच्या वाटेत उभ्या केलेल्या बांधकामांबद्दल. नदी कुणी एका दिवसात अरुंद करत नाही. अकरा घरं एका लेनमध्ये, अशा लेनी किती, ते तुम्हीच मोजा. स्लॅबखालची नाली सफाईवाल्याला उपसता येत नाही. गाळ बसतो, पन्न्या अडकतात, आणि पाण्याला जायला वाट हवी असते, ते ती कुणाच्या तरी घरातून काढतं.

घटनेच्या ५१ क कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत. १९७६ साली दहा आली, २००२ मध्ये अकरावं जोडलं गेलं. (तुमची घरंही अकरा, योगायोग.) पहिल्या कर्तव्यात घटना पाळण्यासोबत राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर आहे, झेंड्याचा आदर तुम्ही १९ वर्षं पाळला. त्याच यादीत पुढे नद्या आणि तलाव जपणं आहे, सार्वजनिक मालमत्ता राखणं आहे. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेलं शेपूट, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं. त्यामुळे बहुतेकांची ही यादी पहिल्या ओळीवरच थांबते.

आता तुमच्या पोराकडे वळते. हे पान त्याला वाचायला द्या, कारण त्याच्यावर माझा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे.

बाळा, मतदान त्या यादीत नाही, हे तू मला लगेच दाखवशील. खरं आहे, नाही. तरी ऐक. १९ एप्रिल २०२४, शुक्रवार. त्या दिवशी नागपुरात साधारण ५४ टक्के मतदान झालं. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के झालं. तिथे काही भागांत मतदान दुपारी तीनलाच बंद होत होतं, केंद्रावर जायला जंगलातून पायपीट, आणि कुणी जाऊ नये म्हणून धमक्या देणारे वेगळेच. तुझं केंद्र बहुतेक घराजवळच्या शाळेत असेल. तू पचमढीला होतास. उमेदवार सगळे सारखेच वाटत असतील तर २०१३ पासून यंत्रावर "यांपैकी कोणीही नाही" असं, म्हणजे नोटाचं (NOTA) बटण आहे. तेही दाबायला आत जावं लागतं.

आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटनेनं पालिकेला पाच वर्षांची मुदत दिलेली असताना निवडणूक वर्षांमागून वर्षं लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे राहिला. किती जणांना त्याचं काही वाटलं? मोबाइलवरून तक्रार जात होती, कचरागाडी येत होती, चाललं होतं. नगरसेवक म्हणजे कटकट, त्यापेक्षा ॲप बरं, असं तुझ्या वयाची मुलं मला सांगतात. पण ॲपवर तक्रार टाकणारा माणूस हळूहळू गिऱ्हाईक होतो. ऑर्डर दिली, माल आला, पाच तारे. नाली मोकळी करण्याची ऑर्डर तू दिलीस, जेसीबी आला, तुझ्या फोनवर "तक्रार निकाली" असा मेसेज आला असेल. आणि मलबा? तो अजून नालीतच आहे, बाबांनी लिहिलंय. म्हणजे ज्या पाण्यासाठी तू हे केलंस ते पाणी आधी स्लॅबनं अडत होतं, आता विटांनी अडतंय. ऑगस्ट संपला, तू पुढे काय केलंस?

आणि त्या आजी. तुला त्या अकरा ओट्यांपैकी चौथा ओटा म्हणजे नुसता चौथा फोटो दिसला. त्यावरून कोण उतरतं ते दिसलं नाही. आधी दहा घरी जाऊन बसला असतास, निदान बाबांना आदल्या रात्री जेवताना सांगितलं असतंस, तर कुणीतरी म्हटलंच असतं, अरे, आजींचं काय करायचं? लोक चिडले असते, दोघा-चौघांनी हाकलून दिलं असतं. नंतर तक्रार करता आलीच असती. पण बापाला जेसीबीच्या आवाजानं बातमी द्यायची, ही रीत मला पटत नाही. खरं बोलायला जशी हिंमत लागते तशी तोंडावर बोलायलाही लागते, आणि ती मोबाइलमध्ये येत नाही.

झेंडावंदनाला न जाण्यावर मात्र मी त्याला फार बोलणार नाही. भाऊ, त्याला ओढून नेऊ नका. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातल्या तीन शाळकरी मुलांचं प्रकरण आलं होतं. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहायची, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढलेली. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. तुमच्या पोराचं कारण इतकं उदात्त नाही, त्याला झोप प्यारी आहे. तरीही बळजबरीनं उभा केलेला माणूस उभा असतो, एवढंच. पण त्यानं हे ध्यानात घ्यावं, की वर्षातून दोन सकाळी न पटणाऱ्या शेजाऱ्यांसोबत एका रांगेत उभं राहणं हीसुद्धा सवय लागते, आणि जी लेन एकत्र उभी राहू शकते तीच एकत्र महापालिकेच्या झोन ऑफिसला जाऊ शकते.

तर आता करायचं काय.

आधी मलबा. साध्या कागदावर अर्ज लिहा: ओटे अमुक तारखेला तोडले, मलबा नालीत पडून आहे, उचलावा. खाली सह्या. पहिली सही तुमची, दुसरी पोराची. मग दोघांनी मिळून बाकीच्या दहा घरी जायचं. माफीचा शब्द काढू नका, ओटा बरोबर होता की चूक यावर वादही घालू नका. "पाणी तुंबून राहिलं, डास होऊन राहिले, सही करता का?" एवढंच. ज्यांचा ओटा गेला त्यांनाही डास चावतात. पाच-सहा सह्या नक्की मिळतील. अर्ज झोन ऑफिसात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. शिक्का नसेल तर तो अर्ज कुणी पाहिलाच नव्हता असं पुढे ऐकायला मिळतं. पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर माहिती अधिकारात विचारा, की तोडकामानंतर मलबा उचलण्याचा आदेश कुणाला दिला आणि त्याचं काय झालं. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. हा अर्ज पोराला लिहू द्या, त्याला असल्या गोष्टी पटकन जमतील. पोच घ्यायला तुम्ही जा. साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं तर बाकावर बसून राहण्याचा संयम त्याच्यात नसणार, तुमच्यात आहे.

घरी येताना महापालिका निवडणुकीच्या मतदार यादीत पोराचं नाव आहे का, हेही पाहून घ्या.

आणि अर्जाच्याही आधी आजींकडे जा. आज संध्याकाळीच. तुमच्या पत्रात त्या एका ओळीत आल्या आणि गेल्या, तशाच लेनमध्येही गेल्या असाव्यात. ओट्यावरून दहा घरं तावातावानं भांडली, पण ज्या एका माणसाला त्याची खरी गरज होती तिच्या दाराशी अडीच महिन्यांत कुणी फळकूट आणून टाकलं नाही, तुम्हीही नाही. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळीचा उतार करून मिळतो, उचलून बाजूला ठेवता येईल असा. जाळीतून खालचं पाणी दिसतं, नाली उपसताना काढता येतो, आणि वॉकरचे पाय अडकणार नाहीत इतकी जाळी बारीक घ्यायची. झोनमध्ये आधी विचारून घ्या. खर्च तुमच्या घरानं करावा असं मला वाटतं. बुंदीचे पैसे यंदा वाचलेच आहेत.

उतार किती लांब लागेल ते उंबऱ्याच्या उंचीवर ठरतं, म्हणून माप नीट घ्यावं लागेल. कारखान्यातली तुमची स्टीलची टेप घरात कुठेतरी असेलच. उंबऱ्याशी तुम्ही बसा, रस्त्याकडचं टोक पोराला धरायला सांगा.